मृत्युपत्र केलं, पण पुढचं कोण बघणार?



आज आम्ही जरा नकोशा वाटणाऱ्या विषयावर बोलणार आहोत. माणूस गेल्यावर त्याच्या मागे राहिलेलं घर, बँकेतले पैसे, दागिने, देणी-घेणी यांचं काय करायचं आणि ते कोणी करायचं, हा तो विषय. आमच्या गटात हा विषय पहिल्यांदा निघाला तेव्हा एक आजी म्हणाल्या, "शुभ बोल गं बाई, संध्याकाळची वेळ आहे." आम्ही हसलो आणि विषय बाजूला ठेवला. वर्षभरातच आमच्याच एका मैत्रिणीवर तो येऊन पडला.

तुम्हाला वाटेल, मुंबईतल्या फ्लॅटची आणि हायकोर्टाची गोष्ट आम्हा गावाकडच्या बायांना कशाला? पण गावाकडच्या कितीतरी घरांचं अर्धं बिऱ्हाड मुंबईत असतं. कोणाच्या नवऱ्याची घाटकोपरला खोली, कोणाच्या भावाचं बोरिवलीला घर, कोणाची बहीण अंधेरीला नोकरी करून राहिलेली. ते माणूस गेलं की गावातल्या बाईला तेराव्याला बोलावतात आणि नंतर एखाद्या कागदावर सही करायला. मधे काय घडलं ते तिला कोणी सांगत नाही. म्हणून हे बोलणं.

आमच्या गटाच्या खजिनदार ताई घाटकोपरला राहतात. त्यांची मोठी मावशी मुलुंडला एकट्या राहत. लग्नानंतर थोड्याच वर्षांत यजमान गेले, मूलबाळ नाही. मावशींनी नोकरी केली, पै-पै साठवून स्वतःच्या नावावर एक खोली-स्वयंपाकघराचा फ्लॅट घेतला, निवृत्त झाल्या. २०२१ च्या पावसाळ्यात त्या गेल्या.

काही वर्षांपूर्वी मावशी ताईंना म्हणाल्या होत्या, "मी मृत्युपत्र केलंय. त्यात एक्झिक्युटर म्हणून तुझं नाव टाकलंय." ताईंनी विचारलं, "म्हणजे काय करायचं?" मावशी म्हणाल्या, "वेळ आली की कळेल." आणि खरंच, वेळ आली तेव्हाच कळलं.

तेराव्या दिवशी मावशींच्या दिरांचा मुलगा, म्हणजे पुतण्या, आला. म्हणाला, "सोसायटीत नॉमिनी म्हणून माझं नाव आहे. चाव्या द्या." ते खरंही होतं. फ्लॅट घेतला तेव्हा मावशींनी त्याचं नाव दिलं होतं आणि पुढे बदलायचं राहून गेलं होतं. ताईंनी स्टीलच्या कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं मृत्युपत्र काढलं. २०१४ सालचं, दोन साक्षीदारांच्या सह्या असलेलं. त्यात लिहिलं होतं: फ्लॅट विकावा. आलेल्या पैशांतले निम्मे गावी राहणाऱ्या धाकट्या बहिणीला, उरलेले निम्मे दोघी भाच्यांना सारखे. बँकेतल्या पैशांतून देणी भागवावीत आणि उरेल ते धाकट्या बहिणीला द्यावं. बांगड्या आणि मोहनमाळ सासरच्या पुतणीला. आणि हे सगळं पार पाडण्यासाठी एक्झिक्युटर, म्हणजे व्यवस्थापक, आमच्या ताई.

पुतण्या म्हणाला, "असले कागद कोणीही करतं." आणि निघून गेला. गावी चिपळूणजवळ राहणाऱ्या धाकट्या मावशींना कोणीतरी फोन करून सांगितलं, "तुमच्या भाचीने सगळं स्वतःच्या ताब्यात घेतलंय." सासरची माणसं एका बाजूला, माहेरची दुसऱ्या बाजूला आणि ताई मधे. त्या गटाच्या बैठकीत आल्या आणि रडायलाच लागल्या. "मला काही नको," म्हणाल्या, "पण चोर म्हणून नावही नको."

त्या दिवशी आम्ही बाया एकत्र बसलो आणि एक्झिक्युटर म्हणजे काय ते समजून घ्यायचं ठरवलं. एका वकीलबाईंना बोलावलं. त्यांनी एक-दोन वाक्यांत जे सांगितलं ते आम्हाला लगेच पटलं, कारण ते आमच्या रोजच्या कामातलं होतं. त्या म्हणाल्या, "तुमच्या गटाच्या खजिनदाराकडे पेटी असते, पासबुक असतं. म्हणून पैसे तिचे होतात का? नाही. पण ते सांभाळायचे, ठरावाप्रमाणे वाटायचे आणि हिशेब दाखवायचा ही जबाबदारी तिची. एक्झिक्युटर तेच करतो. फरक इतकाच, की इथे ठराव गेलेल्या माणसाने लिहून ठेवलेला असतो."

आता मृत्युपत्र नसतं तर काय झालं असतं, ते आधी सांगतो. कारण आम्हालाही ते माहीत नव्हतं आणि ऐकून धक्का बसला.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बाई मृत्युपत्र न करता गेली, तर तिची मालमत्ता आधी तिची मुलं-मुली आणि नवरा यांना जाते. ते कोणी नसतील, तर जाते नवऱ्याच्या वारसांना. तिच्या स्वतःच्या आई-वडिलांचा नंबर त्यानंतर, आणि बहीण-भावंडं तर त्याच्याही पुढे. आई-वडिलांकडून वारशाने आलेल्या मालमत्तेला वेगळा नियम आहे. मूल नसेल तर ती वडिलांच्या वारसांकडे परत जाते. पण स्वतःच्या कष्टाने कमावलेलं सासरकडे जातं. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं होतं. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं, बाई माहेरी राहून शिकली, नोकरीला लागली, पैसे साठवले आणि मृत्युपत्र न करता वारली. तिच्या पैशांवर तिच्या आईने हक्क सांगितला. न्यायालयाने सहानुभूती दाखवली, पण कायदा आहे तसाच लागू केला. पैसे गेले नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना.

म्हणजे आमच्या मावशींनी ती दोन पानं लिहिली नसती, तर चिपळूणच्या बहिणीला एक रुपयाही मिळाला नसता. त्या दोन पानांची किंमत एवढी होती.

आता नॉमिनीचा प्रश्न. पुतण्याचं नाव नॉमिनी म्हणून होतं, मग फ्लॅट त्याचा का? नाही. नॉमिनी म्हणजे ज्याच्या हातात वस्तू किंवा पैसे द्यायचे तो माणूस. मालक कोण ते मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरतं. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर तर स्पष्टच आहे, की नॉमिनी हा खऱ्या वारसांची नावं लागेपर्यंतचा तात्पुरता सभासद असतो.

याचं एक उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या नावाचं आहे. आपल्या भिंतीवर लागणाऱ्या कालनिर्णयचे संस्थापक जयंत साळगावकर. त्यांनी २०११ साली मृत्युपत्र केलं होतं आणि २०१३ साली त्यांचं निधन झालं. त्याशिवाय म्युच्युअल फंडांत चार कोटींहून जास्त रक्कम होती आणि तिला नॉमिनी लावलेले होते. ती रक्कम नॉमिनींची की सगळ्या वारसांची, हा वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ ला निकाल लागला: नॉमिनेशनमुळे नॉमिनी मालक होत नाही, वारसा कायदाच लागू राहतो. एवढ्या जाणत्या घरात हा प्रश्न सुटायला दहा वर्षं लागली, तर आपल्या घरात गोंधळ होणारच. आयुर्विम्याला मात्र २०१५ पासून जरा वेगळा नियम आहे. तिथे नवरा, बायको, मुलं किंवा आई-वडील नॉमिनी असतील तर त्यांचा हक्क जास्त धरला जातो. ते वकिलांना वेगळं विचारून घ्या.

आता प्रोबेट. हा शब्द ऐकून आम्ही घाबरलो होतो. प्रोबेट म्हणजे न्यायालयाने तपासून दिलेला शिक्का, की हे मृत्युपत्र खरं आहे आणि हीच व्यक्ती त्याची एक्झिक्युटर आहे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात कलम २१३ होतं. त्याप्रमाणे हिंदू, बौद्ध, जैन, शीख माणसाने मुंबईत केलेलं मृत्युपत्र असेल, किंवा मृत्युपत्र कुठेही केलेलं असो पण मुंबईतली जागा त्यात असेल, तर प्रोबेट घेतल्याशिवाय न्यायालयात हक्क सांगता येत नव्हता. पारशी कुटुंबांनाही मुंबईत तेच लागू होतं. ही सक्ती इंग्रजांच्या काळातल्या मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या हद्दींपुरती होती. म्हणून गावात केलेलं मृत्युपत्र आणि गावातलीच जमीन असेल, तर ही सक्ती कधीच नव्हती. मुलुंडच्या फ्लॅटला होती.

आता एक नवी गोष्ट नीट ऐका. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने हे कलम २१३ काढून टाकलं. त्यामुळे मुंबईतली सक्ती आता उठली. पण प्रोबेट मिळण्याची सोय कायम आहे. घरात भांडण असेल, सोसायटी किंवा बँक नाव लावायला तयार नसेल, किंवा घर घेणारा पक्का कागद मागत असेल, तर प्रोबेट घेणं आजही फायद्याचं. सगळ्यांचं एकमत असेल तर त्याच्याशिवायही काम होऊ शकतं. आपल्या बाबतीत काय लागेल, ते आधी वकिलांना विचारा.

आमच्या ताईंच्या वेळी मात्र सक्ती होती. घाटकोपरहून सेंट्रल लाइनने सीएसएमटी, तिथून फोर्टातलं उच्च न्यायालय. मृत्युपत्रांच्या कामाचा तिथे वेगळा विभाग आहे. ताई पहिल्यांदा गेल्या तेव्हा आमच्यातल्या दोघी सोबत होतो. डब्यात पोळी-भाजी आणि पिशवीत फायली.

अर्जासोबत काय लागलं? मूळ मृत्युपत्र, झेरॉक्स नव्हे. मृत्यूचा दाखला. सगळ्या मालमत्तेची आणि देण्यांची किमतीसह यादी. सगळ्या वारसांची नावं आणि पत्ते. आणि दोन साक्षीदारांपैकी निदान एकाचं प्रतिज्ञापत्र, की मावशींनी आमच्यासमोर सही केली. माणूस गेल्यापासून सात दिवस प्रोबेट देता येत नाही, एवढं थांबणं कायद्यातच आहे. पुढचा वेळ आपल्या कागदांवर अवलंबून.

आमचा पहिला खोळंबा साक्षीदारावर झाला. दोन साक्षीदारांपैकी एक शेजारचे वयस्कर डॉक्टर, ते आधीच वारले होते. दुसऱ्या मावशींच्या कचेरीतल्या मैत्रीण, त्या घर सोडून गेल्या होत्या आणि मृत्युपत्रावर पत्ता जुनाच. दीड महिना शोधल्यावर जुन्या कचेरीतल्या एकांकडून कळलं, की त्या अंबरनाथला मुलीकडे असतात. ताई तिथे गेल्या, तेव्हा त्यांनी सही लगेच ओळखली आणि म्हणाल्या, "त्या दिवशी तिने आम्हाला शिरा खायला घातला होता." त्या नसत्या तर हस्ताक्षर ओळखणारी माणसं शोधावी लागली असती आणि काम अवघड झालं असतं. म्हणून साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण घ्या. ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार नाही असे घ्या. आणि त्यांचा पत्ता, फोन बदलला की नोंद करून ठेवा.

दुसरा प्रश्न पैशांचा. प्रोबेटची कोर्ट फी मालमत्तेच्या किमतीवर लागते. महाराष्ट्रात ती जास्तीत जास्त ७५,००० रुपये आहे. मुंबईतला फ्लॅट म्हटल्यावर ताईंना पूर्ण ७५,००० भरावे लागणार होते. हे पैसे शेवटी मावशींच्याच मालमत्तेतून निघतात, पण आधी भरावे लागतात. ताईंनी स्वतःच्या पाटल्या गहाण ठेवल्या. कमी पडलेल्या २५,००० रुपयांसाठी गटाकडे अंतर्गत कर्जाचा अर्ज केला. बैठकीत वाद झाला. एकजण म्हणाली, "परत कधी येतील याचा भरवसा काय?" खरंच होतं ते. शेवटी ठराव लिहिला, हप्ता ठरवला आणि कर्ज दिलं. ताईंनी एकही हप्ता चुकवला नाही. घरकामाचे पैसे आले की आधी गटाचा हप्ता, मग बाकी.

वकिलाची फी परवडत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार बाईला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरण असतं. १५१०० या क्रमांकावर फोन करून विचारता येतं. आम्हाला हे उशिरा कळलं. तुम्ही आधी विचारा.

तिसरा आणि सगळ्यात मोठा खोळंबा पुतण्याचा. न्यायालय सगळ्या वारसांना नोटीस पाठवतं. मावशींना मूल नसल्याने कायद्याने वारस म्हणजे सासरची मंडळी. ज्यांची हरकत नाही त्यांनी संमती लिहून दिली. पुतण्याने कॅव्हेट टाकलं, म्हणजे माझं ऐकल्याशिवाय प्रोबेट देऊ नका अशी हरकत. अशी हरकत टिकली की साध्या अर्जाचा दावा होतो, साक्षी-पुरावे होतात आणि वर्षं जातात.

ताईंची झोप उडाली. पण त्यांच्याकडे एक गोष्ट होती. पहिल्या दिवसापासून त्यांनी गटाच्या वहीसारखी वही ठेवली होती. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च, प्रत्येक पावतीला नंबर. घरातल्या वस्तूंची यादी शेजारच्या दोन बायांसमोर केली होती आणि त्यांच्या सह्या घेतल्या होत्या. दागिने वजन करून लिहिले होते. मावशी गेल्यावरही दोन महिने त्यांच्या खात्यात पेन्शन जमा होत राहिली, ती रक्कम कचेरीला कळवून परत केली होती. महावितरणचं बिल, महापालिकेचा मालमत्ता कर, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळं लिहिलेलं.

ती वही घेऊन ताई पुतण्याच्या घरी गेल्या. सोबत आम्ही दोघी. त्याच्या आईने, म्हणजे मावशींच्या जाऊबाईंनी, चहा ठेवला. ताई म्हणाल्या, "भाऊ, मला भांडायचं नाही. वही बघ आणि कुठे चुकलंय ते सांग."

त्याने बराच वेळ पानं उलटली. मग म्हणाला, "यात हॉस्पिटलचं बिल कुठे आहे? शेवटच्या वेळी काकूला मी नेलं होतं. ३८,००० रुपये मी भरले. मला कोणी विचारलं का?"

ताई गप्प झाल्या. खरंच कोणी विचारलं नव्हतं. त्या घाईत बिल कोणी भरलं हे कोणाच्या लक्षातच नव्हतं. त्याचा खरा राग फ्लॅटवर होता त्यापेक्षा या गोष्टीवर जास्त होता, हे आम्हाला तिथे बसल्यावर कळलं.

आणि इथेच कायदा उपयोगी पडला. एक्झिक्युटरने पैसे कोणत्या क्रमाने द्यायचे ते १९२५ च्या कायद्यात लिहिलेलं आहे. सगळ्यात आधी अंत्यविधीचा आणि शेवटच्या आजारपणातला औषधोपचाराचा खर्च. मग प्रोबेटचा आणि न्यायालयाचा खर्च. मग मजूर, कारागीर किंवा घरकाम करणाऱ्या माणसाची मृत्यूआधीच्या तीन महिन्यांतली थकलेली मजुरी. मग बाकीची कर्जं. हे सगळं भागल्यावर, उरलेल्यातून मृत्युपत्रात लिहिलेली वाटणी. देणं आधी, वाटणी नंतर.

मजुरीच्या कलमाशी आम्ही थांबलो, कारण आमच्या गटात निम्म्या बाया घरकाम करतात. मालक वारला की "आता कोण देणार" म्हणून पगार बुडतो. कायद्याने तो पगार बाकीच्या कर्जांच्याही आधी द्यायचा आहे. मावशींकडे भांडी-लादीला येणाऱ्या बाईंचे दोन महिन्यांचे पैसे राहिले होते. ताईंनी त्यांचं नाव यादीत लिहिलं. तुमच्यातली कोणी, किंवा तुमची लेक, शहरात कामाला असेल तर हे तिला नक्की सांगा.

पुतण्याच्या ३८,००० ची नोंद ताईंनी तिथेच वहीत केली. "बिलाची पावती दे, माझ्या यादीत तुझं देणं पहिलं," म्हणाल्या. जाऊबाई आतून म्हणाल्या, "त्या बाईने माझ्या पोरीची फी भरली होती दहावीला. तिच्या कागदावर शंका नको घेऊस." तो लगेच तयार झाला नाही. दोन महिने गेले. मग त्याने कॅव्हेट मागे घेतलं आणि मोहनमाळ बहिणीला मिळाली तेव्हा फोटो काढायला तोच आला होता.

२०२३ च्या मध्यावर प्रोबेट हातात आलं. त्यानंतर एक्झिक्युटरवर दोन मुदती असतात. सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची आणि देण्या-घेण्याची पूर्ण यादी न्यायालयात द्यायची. एक वर्षाच्या आत हिशेब द्यायचा, काय आलं आणि कुठे गेलं. ताईंची वही तयारच होती. त्यांनी या कामासाठी बँकेत वेगळं खातं काढलं. स्वतःच्या खात्यात एक रुपया घेतला नाही. मावशींचं आयकराचं शेवटचं विवरणपत्र भरलं, तेही एक्झिक्युटरचंच काम. फ्लॅट विकला, आधी देणी भागवली, ताईंच्या पाटल्या सुटल्या, मग वाटणी झाली.

धाकट्या मावशींचा वाटा त्यांच्या स्वतःच्या खात्यात जमा झाला. त्या आम्हाला फोनवर म्हणाल्या, "मी तर भाचीला काय काय बोलले होते. आता तोंड कसं दाखवू?" ताई म्हणाल्या, "आंबे पाठव, मग बोलू." त्या मे महिन्यात गटाच्या बैठकीला पेटी आली.

आता तुमच्यासाठी कामाच्या गोष्टी थोडक्यात सांगतो.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं. स्टॅम्प लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकांकडे नोंदवलं तर पुढे वाद कमी होतो. सही येत नसेल तर अंगठा चालतो. मात्र मजकूर वाचून दाखवला असं लिहून घ्या. दोन साक्षीदार हवेतच, आणि त्यांनी तुम्हाला सही किंवा अंगठा करताना पाहिलेलं हवं. वय जास्त असेल तर डॉक्टरांचा दाखला सोबत जोडा. जे तुमचं स्वतःचं आहे तेच देता येतं. वडिलोपार्जित असेल तर फक्त आपला हिस्सा. मुस्लिम मैत्रिणींसाठी नियम वेगळा आहे. मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशापर्यंतच देता येतं, त्याहून जास्त द्यायचं तर वारसांची संमती लागते.

एक्झिक्युटरचं नाव जरूर लिहा. ते नसेल तर प्रोबेटऐवजी 'लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन' नावाचा दुसरा कागद घ्यावा लागतो. हिशेबाला पक्का आणि सगळ्यांशी बोलणारा माणूस निवडा. अठरा वर्षांखालचा नको. त्याला आधी विचारा. ज्याला हे काम नको असेल तो न्यायालयात नकार देऊ शकतो, पण तुमच्या माघारी नकार आला तर पंचाईत. एक्झिक्युटरला वाटा मिळू शकतो, त्यात चूक काही नाही. फक्त त्याने मालकासारखं वागायचं नाही.

मृत्युपत्र कुठे ठेवलंय ते एका विश्वासू माणसाला सांगा. नॉमिनी आणि मृत्युपत्र यांचा मेळ घाला. जुनं नॉमिनेशन असेल तर बँकेत, सोसायटीत जाऊन बदला. आमच्या मावशींनी एवढं एक केलं असतं, तर निम्मा त्रास वाचला असता.

मृत्युपत्र नसेल तर काय? नवरा वारला आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याने त्याच्या स्वतःच्या मालमत्तेत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना सारखा वाटा आहे. गावच्या जमिनीसाठी तलाठी कार्यालयात तीन महिन्यांच्या आत वारस नोंदीचा अर्ज द्या आणि सातबारावर आपलं नाव लागलं का ते स्वतः बघा. बँकेतल्या पैशांसाठी कधी न्यायालयाचा वारसा दाखला लागतो. मुंबईहून कोणी कागद घेऊन आलं आणि "इथे सही कर, फक्त नावापुरतं आहे" म्हणालं, तर सही करू नका. तो हक्कसोडपत्राचा कागद असू शकतो. एकदा नोंदणी होऊन हक्क सुटला की तो परत मिळवणं फार कठीण. कागद घरी ठेवून घ्या, गटात वाचा, विधी सेवा समितीला दाखवा, मग ठरवा.

मैत्रिणींनो, नियमित बचत, नियमित बैठक, नियमित लेखे हे आपण गटात रोज करतो. तेच घरातही करायचं आहे. पुढच्या बैठकीला एक कोरी वही आणा. पहिल्या पानावर आपल्या नावावर काय आहे ते लिहा: गटातली बचत, बँकेतलं खातं, दागिना, कोंबड्या-शेळ्या, खोली, जमीन. दुसऱ्या पानावर कोणाचं देणं आहे ते. तिसऱ्या पानावर प्रत्येक ठिकाणी नॉमिनी कोण आहे ते. हे झालं की मृत्युपत्र लिहायला एक दुपार पुरते.

आमच्या गटात आतापर्यंत नऊ जणींनी मृत्युपत्र केलं. पहिल्या होत्या, संध्याकाळची वेळ आहे म्हणून आम्हाला गप्प करणाऱ्या त्या आजी. त्यांच्याकडे द्यायला फार काही नाही. एक पेटी, चांदीचे वाळे आणि बचतीचे थोडे पैसे. वाळे नातीला द्यायचे, सुनेने मोडायचे नाहीत, असं त्यांनी लिहून घेतलं आणि अंगठा उठवला. एक्झिक्युटर म्हणून कोणाचं नाव घातलं, ते तुम्ही ओळखलं असेलच.